लाल इंजेक्शनाच्या आधी

प्रस्तावना

शिफ्ट सुटायच्या वेळेला भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात जरा वेळ उभं राहावं. ‘ते लाल इंजेक्शन द्या’ म्हणणारा एक तरी येतोच. नाव त्याला माहीत नसतं, चिठ्ठी बहुधा नसते. शेजारच्या दवाखान्यात टोचून घ्यायचं, चार दिवस तरतरी वाटली की समाधान मानायचं आणि पुन्हा मरगळ आली की दुसरं घ्यायचं, असा हा व्यवहार. लाल इंजेक्शन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे आणि ज्याला हवं त्याला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. घोटाळा एवढाच की ते ‘ताकदीचं’ म्हणून दिलं-घेतलं जातं. ज्याची कमतरता गंभीर आहे त्याची दोन टोचण्यांवर बोळवण होते, ज्याला कमतरता नाहीच तो वर्षानुवर्षं टोचून घेत राहतो, आणि कोण कुठल्या गटातला हे ठरवणारी तपासणी राहून जाते. हे छोटं पुस्तक त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहे.

या पट्ट्यात या आजाराला लपायला जागा फार. थकवा आला तर थर्ड शिफ्ट आहेच. पायाला मुंग्या आल्या तर सेफ्टी शूज आणि आठ तास उभं राहणं. तळपाय जळतात म्हटलं की कोणीतरी साखर तपासायला सांगतं. विसरायला होतं, घरात उगाच चिडचिड होते, यावर ‘टेन्शन आहे’ हे उत्तर तयार असतं. जीभ लाल, गुळगुळीत होते, तिखट लागलं की झोंबते. त्याला उष्णता म्हणतात. बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, तो तेल-ग्रीसचा समजून साबणाने घासला जातो. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं, म्हणून तर ते पटतं. पण ही सगळी कारणं एकाच माणसाच्या अंगावर एका वेळी जमा झाली, तर या सगळ्यांच्या मागे एखादं एकच कारण आहे का, हे विचारायला हवं.

एक उदाहरण जरा जवळून सांगतो. चाकणच्या बाजूला प्रेसशॉपमध्ये काम करणारा चाळिशीच्या आतला ऑपरेटर. पायाला मुंग्या, म्हणून मणक्याचा एमआरआय झालेला. त्यात एक गादी थोडी सरकलेली निघाली, जी या वयात कितीतरी धडधाकट माणसांचीही निघते. पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, मुंग्या तशाच. बोलता बोलता तो सहज म्हणाला, ‘सकाळी तोंडाला साबण लावला की बेसिन धरावं लागतं, नाहीतर झोक जातो.’ एमआरआयपेक्षा हे एक वाक्य मोलाचं होतं. पाय जमिनीवर नेमका कुठे टेकला आहे, ही खबर मेंदूकडे पाठीच्या कण्यातल्या मागच्या बाजूच्या तंतूंमधून जाते. तो मार्ग खराब झाला तरी डोळे उघडे असेपर्यंत माणूस सावरून घेतो, नजरेच्या आधाराने चालतो. साबण लावताना डोळे मिटतात आणि तो आधार सुटतो. दवाखान्यात पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात, ते हेच बघायला.

मग १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क. धातूचा दोन पायांचा चिमटा, तळव्यावर आपटला की गुणगुणतो. तो आधी मनगटाच्या हाडावर टेकवला, तेव्हा त्याला नीट कळलं. पायाच्या अंगठ्यावर टेकवला तेव्हा दोन सेकंदांत म्हणाला, ‘थांबलं, साहेब.’ डॉक्टरांच्या बोटांना मात्र तो अजून चांगला थरथरताना कळत होता. घोट्यावरही तेच. गुडघ्यावर कळलं. खालून वर चढत जाणारी ही सीमारेषा कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय दोन मिनिटांत सापडते. आमच्या पट्ट्यात यंत्रांची कमी नाही. हा स्वस्तातला चिमटा मात्र फार थोड्या टेबलांवर दिसतो, अशी माझी तक्रार आहे. कंपन्यांच्या ओएचसीत, म्हणजे आवारातल्या दवाखान्यात, ईसीजीचं मशीन असतं, ऐकण्याची तपासणी होते, फुप्फुसाची फुंक घेतली जाते. वर्षाच्या त्या मेडिकलमध्ये पायाच्या अंगठ्याला फोर्क लावायला कितीसा वेळ जाणार?

त्या मेडिकलचा आणखी एक फसवा दिलासा म्हणजे ‘हिमोग्लोबिन नॉर्मल’. बी-१२ कमी झालं की रक्तातल्या लाल पेशी तयार होताना नीट विभागत नाहीत, आकाराने मोठ्या होतात. रिपोर्टमध्ये एमसीव्हीचा आकडा शंभराच्या पुढे जातो. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे बी-१२ आणि लोह ही दोन्ही एकदम कमी असलेली माणसं पुष्कळ, विशेषतः बायका. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या, आणि सरासरी अगदी साळसूद येते. शिवाय मज्जातंतूंचं नुकसान रक्तात काहीही दिसण्याआधी सुरू होऊ शकतं. म्हणून रक्त चांगलं आहे एवढ्यावर मुंग्यांचा विषय बंद करू नये.

आता हे जीवनसत्त्व येतं कुठून? वनस्पती ते बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. फक्त काही सूक्ष्म जीवाणू बनवतात. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो, त्याचा तो लाल रंग. गाय-म्हशीच्या पोटातले जीवाणू ते तयार करतात, तिथून ते दुधात, मांसात आणि सगळ्यांत जास्त काळजात, म्हणजे यकृतात, येतं. पालेभाजीत, मोडाच्या कडधान्यात, बाजरीच्या भाकरीत ते नसतं. इडलीचं पीठ आंबवलं म्हणून ते येत नाही आणि समुद्रशेवाळाच्या गोळ्यांत जे सापडतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी असतं. गरज मात्र अगदी इवलीशी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एवढीशी गरज भागत नाही? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, ‘मी तर खातो की सगळं.’ मग जरा हिशेब घालावा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. दोन एकादश्या, एक चतुर्थी. श्रावण पूर्ण, नवरात्र पूर्ण, पितृपक्षाची ज्याची त्याची रीत. उरलेल्या दिवसांत महिनाअखेरचे दिवस पगाराच्या वाटेकडे डोळे लावलेले. म्हणजे ‘सगळं खाणारा’ माणूस महिन्यात चार-पाच वेळा खातो, आणि खातो ते बहुधा ब्रॉयलर चिकन. शंभर ग्रॅम चिकनमधून जेमतेम एक तृतीयांश मायक्रोग्रॅम मिळतं. मटणात त्याच्या कितीतरी पट असतं, कलेजीत तर दिवसाच्या गरजेच्या वीसपटीहून अधिक. सुकट-बोंबलातही चांगलं असतं. अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. रात्री कंपन्यांच्या गेटबाहेर ज्या अंडाभुर्जीच्या गाड्या लागतात, त्यांच्याकडे आरोग्यखात्याच्या नजरेने बघावं की नाही हा वेगळा प्रश्न, पण बी-१२ च्या नजरेने त्या कॅन्टीनच्या थाळीपेक्षा उजव्या ठरतात. आणि चहा? चार कटिंगमध्ये मिळून दूध असतं जेमतेम अर्धी वाटी, तेही पुन्हा पुन्हा उकळलेलं. उकळण्यात थोडं बी-१२ जातं. चहातलं दूध हे दूध म्हणून मोजू नये.

इथे माळेचा विषय टाळता येत नाही. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधे एमआयडीसी, असा हा मुलूख. गळ्यात तुळशीची माळ घातलेला लेथ ऑपरेटर इथे कुणाला नवल वाटत नाही. माळकरी मांस सोडतो, दारूही सोडतो. त्याच्या यकृताचं आणि घरच्यांचं त्यात भलंच होतं. माळ घातली म्हणून कमतरता येणारच असंही नाही. घरात दूध, दही, ताक पोटभर असेल तर गरज भागू शकते. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅमचा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे माळ घातल्यावर तीन-चार वर्षं काहीच होत नाही, आणि पुढे पाय बधिर झाले तर त्याचा खाण्याशी संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. अशांना अंडी खा म्हणून गळ घालणारे डॉक्टर मला पटत नाहीत. व्रत मोडायची गरजच नाही, कारण औषधातलं बी-१२ कारखान्यात जीवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, ते नको असेल तर गोळी घ्यावी. हा प्रश्न विचारायला रुग्ण लाजतात आणि औषध गुपचूप बंद करतात, म्हणून इथेच सांगून टाकलं.

जमिनी गेल्या, गोठे गेले, पूर्वीचं दूधदुभतं राहिलं नाही म्हणून हे सगळं झालं, असं म्हणायचा मोह होतो. मलाही ते पटलं असतं, पण पुण्यातच झालेलं एक काम आड येतं. के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याबाहेरच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हे त्याचं नाव. या गावांत तेव्हा शेती होती, जनावरं होती. तरीही गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. फोलेटची, म्हणजे पालेभाजी-डाळीतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता मात्र एकीलाच होती. पुढे ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांचं गरोदरपणात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वांत जास्त विरोध आढळला. हा संबंध आहे, पुरावा म्हणून तो जपून वापरायला हवा. पण गरोदर बाईला फक्त लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन आपलं काम संपलं असं मानणाऱ्यांना तो अस्वस्थ करणारा आहे. २०१२ पासून याच मुलांना वयात आल्यावर रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हेही या गटाने तपासायला घेतलं.

त्यांचाच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास पुरुषांचा. पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष: काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. एकूण ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. मध्यमवर्गीयांत हेच प्रमाण ८१ टक्के, म्हणजे ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला असतो त्यांच्यातच सर्वांत जास्त. उपासमार, कुपोषण, गरिबी या नेहमीच्या शब्दांत हा आजार मावत नाही. एमआयडीसीतल्या सुपरवायझरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण ‘हे कंत्राटी पोरांचं दुखणं’ अशी त्यांची समजूत असते. कंत्राटी पोरांचंही आहेच. लातूर-नांदेडहून नाहीतर बिहारहून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, मेसच्या डब्यावर जगणारा मुलगा सकाळी वडापाव आणि रात्री डाळ-भात खातो. पण त्याच्या पोटात निदान रात्रीची भुर्जी तरी जाते.

खाल्लेलं सगळं अंगी लागतंच असंही नाही. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला पोटातलं आम्ल लागतं. मग जठरातच तयार होणारं एक वाहक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊन पोचवतं. या वाटेत कुठेही अडलं तर ताटातलं बी-१२ ताटातच राहिल्यासारखं. या पट्ट्यात दोन अडथळे ठळक आहेत. पहिला, रोज सकाळी अनशापोटी घेतली जाणारी ‘गॅसची गोळी’. शिफ्टमुळे जेवणाच्या वेळा मोडतात, आम्लपित्त होतं, कोणीतरी पँटोप्राझोल सुचवतं आणि ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. दुसरा, मधुमेहाची मेटफॉर्मिन. ती उत्तम गोळी आहे, कुणी हे वाचून बंद करू नये. पण ती बरीच वर्षं घेणाऱ्याचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि मग त्याच्या पायाच्या मुंग्या साखरेच्या खात्यावर टाकल्या जातात. अशा माणसाने बी-१२ तपासून घ्यावंच.

या रोगाचा इतिहास पुढे एका प्रकरणात आहे, तो वगळला तरी चालेल असं प्रकाशकांचं मत होतं. मी हट्टाने ठेवला, कारण त्यातले दोन धागे आपल्या अंगणातून जातात. पहिला मुंबईचा. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. पेशी मोठ्या, रक्त पाण्यासारखं. परदेशात तोवर काळीज खायला घालून पंडुरोग बरा होतो हे १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं; रोज जवळपास पाव किलो काळीज, तेही अर्धंकच्चं! लुसी विल्सने मुंबईत यीस्टचा स्वस्त अर्क देऊन बायका बऱ्या केल्या आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तो घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. गिरणी कामगारांच्या घरात सापडलेलं हे उत्तर बी-१२ चं नव्हतं, पण या दोन जीवनसत्त्वांची गल्लत किती घातक, हे त्यातूनच पुढे कळलं. बी-१२ कमी असलेल्याला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि मज्जातंतू आतल्या आत खराब होत राहतात.

दुसरा धागा पिंपरीचा. १९४८ मध्ये शुद्ध बी-१२ चे लाल स्फटिक हाती आले. आधी ते काळजातून काढले गेले. मग अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांना ते स्ट्रेप्टोमायसिस ग्रीसियस या जीवाणूच्या द्रावातही सापडले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन देणारा जीवाणू हाच. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. टेल्को आणि बजाज यायच्या आधी पिंपरीची ओळख जीवाणू आणि बुरशी पोसणाऱ्या त्या टाक्यांची होती. ज्या जीवाणूच्या जातीने जगाला बी-१२ मुबलक मिळण्याचा रस्ता दाखवला, तीच जात इथे पिढीभर पाळली गेली, आणि त्या कंपनीच्या कॉलनीच्या आसपास वाढलेल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

उपचाराबद्दल थोडं. क्रम महत्त्वाचा: आधी रक्त द्यावं, मग इंजेक्शन. एक जरी टोचलं तरी रक्तातला आकडा फुगतो आणि मग खरी स्थिती कळत नाही. साधारणपणे मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर कमतरता धरतात; २०० ते ३०० च्या अधल्यामधल्या आकड्याला लक्षणं असतील तर होमोसिस्टीनसारखी पुढची तपासणी लागते. पायात बधिरपणा, तोल जाणं अशी लक्षणं असतील तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला अशी द्यावी लागतात. नेमकं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. नुसता थकवा किंवा कमी आकडा असेल तर रोजची १००० मायक्रोग्रॅमची गोळीही काम करते, कारण मोठ्या मात्रेतला शंभरातला एखादा भाग त्या वाहक प्रथिनाशिवायही शोषला जातो. आठवड्याभरात नव्या पेशी तयार व्हायला लागतात, दोनेक महिन्यांत रक्त भरून निघतं. मज्जातंतूंना मात्र सहा महिने, वर्षही लागतं, आणि फार उशीर झालेला असेल तर थोडी बधिरता कायमची राहते. पहिल्या काही दिवसांत मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या तरी घाबरून सोडू नये. तो प्रेसशॉपवाला चौथ्या महिन्यात बेसिन न धरता तोंड धुऊ लागला. अंगठ्याची थरथर त्याला अजून पूर्ण कळत नाही.

बाजारात ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून जे मिळतं त्यात बी-१२ सोबत पाच-सहा गोष्टी कोंबलेल्या असतात. त्यातलं बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच मज्जातंतू बिघडवतं. जी गोळी मुंग्यांसाठी घेतली तिनेच मुंग्या आणाव्यात, यापरता विनोद नाही. पाकिटामागचा मजकूर वाचायची सवय लावावी.

या पुस्तकात बाळांवरचं प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे. कमतरता असलेल्या आईच्या दुधातही बी-१२ कमी असतं. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ चार-सहा महिन्यांनंतर हसेनासं होतं, मान सावरेनासं होतं, रंग काळवंडतो, हातपाय थरथरू लागतात. घरच्यांना दृष्ट लागली असं वाटतं आणि चाळीत ती काढलीही जाते. वेळेवर उपचार मिळाले तर असं बाळ काही दिवसांतच पुन्हा बघून हसायला लागतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा येऊ घातलं आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं. ज्यांच्या पायाला मुंग्या आहेत त्यांनी तपासणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, आणि त्याआधी रक्त देऊन यावं. ते वाचून झाल्यावर लाल इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.